दिवाणजींची खोडयादी

ज्याचा मेलबॉक्स फुगलेला, तो माणूस आळशी. बरीच वर्षं हे माझं ठाम मत होतं. त्याला पुरावा लागतो असंही मला वाटत नव्हतं. मेलबॉक्सची यादी आकाराप्रमाणे लावायची, वरची चार-पाच नावं बघायची आणि त्या माणसांबद्दल जे मत करून घ्यायचं ते तिथंच करून मोकळं व्हायचं. या यादीत सगळ्यांत वर नाव असायचं आमच्या दिवाणजींचं, आणि दिवाणजींबद्दलचं माझं मत यादी उघडायच्या आधीच तयार असायचं.

मी पांढुर्ण्याचा. नागपुरात हार्डवेअर-नेटवर्किंगचा डिप्लोमा केला आणि सौंसरकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायला लागलो. १९५६ साली विदर्भ इकडून तिकडे गेला आणि आमचे तालुके मध्य प्रदेशात राहिले, त्यामुळे आमच्या ऑफिसात बोलणं मराठीत, भोपाळशी कागद हिंदीत आणि दक्षिणेतल्या गिरण्यांशी पत्रव्यवहार इंग्रजीत, असा तीन तऱ्हांचा कारभार. शेठजींच्या मुलाला वाटलं, आपल्या फर्मच्या नावाचा ईमेल असला की गिरणीवाले आपल्याला जरा वजन देतील. नागपूरच्या एका डीलरने त्याच्या गळ्यात स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३ घातला. मायक्रोसॉफ्टने ७५ जणांपर्यंतच्या लहान ऑफिसांसाठी काढलेलं ते पॅकेज होतं: विंडोज सर्व्हर, फाइल शेअरिंग, आणि मेलसाठी एक्सचेंज, सगळं एकाच डब्यात. आमच्याकडे टेबलावर बसणारी माणसं वीसेक. मशीन काट्यामागच्या खोलीत ठेवलं. सरकीचा वास आणि रुईचा भुगा तिथं बारा महिने. आठवड्यातून एकदा ब्लोअर मारला नाही तर पंखे बंद पडायचे.

दिवाणजींना टेबलावर कॉम्प्युटर दिला तेव्हा त्यांचं वय साठीकडे झुकलेलं होतं. ते दोन बोटांनी टाइप करायचे, मेल वाचून झाला की प्रिंट काढायचे आणि प्रिंट सुतळीत ओवायचे. या माणसाला मेलबॉक्स द्यायचाच कशाला, असं मी शेठजींच्या मुलाला एकदा म्हणालोही होतो. माझं वय तेव्हा पंचविशीच्या आत. ते सांगून सूट मागतोय असं नाही. पंचविशीत शहाणी माणसंही असतात.

आता मूळ भानगड. त्या एक्सचेंजच्या डेटाबेसला मर्यादा होती. मुळात १६ जीबी. ऑक्टोबर २००५ मध्ये दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि ही मर्यादा ७५ जीबीपर्यंत वाढवायची सोय झाली. पण आपण स्वतः रजिस्ट्रीत जाऊन आकडा घातला नाही तर गाडी १८ वरच अडणार. मी सर्व्हिस पॅक घातला होता. सोबतची माहिती वाचली नव्हती.

सर्व्हर रोज पहाटे पाच वाजता स्वतःची मोजणी करायचा. मर्यादा जवळ आली की लॉगमध्ये इशारा लिहायचा. ओलांडली की पहिल्यांदा तक्रार नोंदवून एक दिवस थांबायचा आणि पुढच्या पहाटे डेटाबेस बंद करून टाकायचा. म्हणजे त्याने मला पुरेपूर वेळ दिला होता. मी लॉग उघडत नव्हतो, कारण लॉग उघडायचा तो काही बिघडल्यावर, अशी माझी समजूत.

जानेवारीत, ऐन हंगामात, एका सकाळी मेल बंद. काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, आत गाठींचे ट्रक भरून उभे, आणि गिरणीला पाठवायचे लॉट नंबर व वजनं कुणाच्याच मेलमधून जाईनात. मी डेटाबेस हाताने पुन्हा चालू केला. तो पुढच्या पहाटेपर्यंत चालला आणि पाचला परत बंद. मग मी रोज सकाळी लवकर येऊन तो चालू करायचो आणि आल्या-आल्या सगळ्यांना दम द्यायचो: डिलीट करा, जुनं सगळं डिलीट करा, आजच्या आज. सहा महिन्यांपलीकडचं काही ठेवू नका. दिवाणजींच्या टेबलापाशी जाऊन हेच मी जरा मोठ्या आवाजात सांगितलं, कारण त्यांचा आकडा सगळ्यांत मोठा.

लोकांनी डिलीट केलं. मी रोज सर्व्हरवर जाऊन डेटाबेसची फाइल बघायचो. प्रिव्ह-वन नावाची ती फाइल आणि तिची जोडीदार, दोघी मिळून जितक्या होत्या तितक्याच. एक एमबीदेखील कमी नाही. याचा अर्थ मी एकच लावला. लोक खोटं बोलतायत, आणि सगळ्यांत जास्त खोटं दिवाणजी बोलतायत.

त्या दुपारी जे झालं ते जरा सविस्तर सांगतो.

मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. शेजारी दोन पोरं एन्ट्री करत बसली होती. मी म्हणालो, "दिवाणजी, तुम्ही काहीच डिलीट केलेलं नाही."

"केलं नं बाबू. चार दिवस झाले, तेच करून राहिलो."

"मग फाइल तेवढीच कशी?"

मी त्यांना उठवून काट्यामागच्या खोलीत नेलं आणि स्क्रीनवर फाइलचा आकार दाखवला. साक्षीदाराला कोर्टात पुरावा दाखवावा तशा थाटात. त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहीतली नोंद खोडली त वही पातय होते काय?"

पोरं मागून आलेली होती. मी हसलो. त्यांच्यासमोर हसलो. "दिवाणजी, ही वही नाही, कॉम्प्युटर आहे," असं म्हणालो आणि पोरंही हसली. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण अडाणी त्या खोलीत मीच होतो.

दिवाणजी परत टेबलाशी गेले, खण उघडला आणि आखीव फुलस्केप कागदांची एक गड्डी काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांनी खोडलेल्या प्रत्येक मेलची नोंद. तारीख, पार्टीचं नाव, विषय, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द. बहुतेक ठिकाणी 'मिटलं'. काही ओळींत 'क्लेम बाकी', काहींत 'ओलावा वाद', एक-दोन ठिकाणी 'गाठी परत'. 'मिटलं' लिहिलेल्या ओळींवर लाल शाईने आडवी रेघ मारलेली होती. रेघ म्हणजे मेल खोडला. बाकीच्या ओळींवर रेघ नाही. चाळीस वर्षं रोजमेळ आणि खातेवही लिहिलेल्या माणसाने सांगितलेलं काम केलं होतं, पण स्वतःच्या पद्धतीने: जे खोडायचं ते कुठं तरी लिहून ठेवल्याशिवाय खोडायचं नाही, आणि हिशेब मिटल्याशिवाय तर मुळीच नाही.

ती गड्डी मी चाळली. माझा नियम होता सहा महिन्यांचा. त्यांच्या यादीत दोन वर्षांपूर्वीचा एक मेल जपलेला होता, कारण त्या लॉटमधल्या कचऱ्याच्या टक्क्यावरून गिरणीने कापलेले पैसे अजून परत आलेले नव्हते. आणि आठवड्यापूर्वीचा मेल खोडलेला, कारण माल गेला, पैसे आले, विषय संपला. माझ्या नियमाने नेमकं उलटं झालं असतं. रिकामा मेल राहिला असता आणि पैशांचा मेल गेला असता.

हे मला तिथल्या तिथं उमजलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्या वेळी मला फक्त घाम फुटला. मी 'बघतो' म्हणालो आणि गड्डी घेऊन निघालो.

संध्याकाळी पहिल्यांदाच नीट बसून सर्व्हरचा लॉग वाचला. त्यात १२२१ क्रमांकाची एक नोंद होती, रोज रात्रीची. ऑनलाइन डिफ्रॅगमेंटेशननंतर डेटाबेसमध्ये इतकी मेगाबाइट जागा मोकळी, एवढंच तीत लिहिलेलं. गेल्या काही रात्रींत तो आकडा चढत गेला होता आणि आदल्या रात्री तो काही हजारांत होता. म्हणजे लोकांनी खरंच डिलीट केलं होतं. डिलीट केलेला मेल ठरलेले दिवस मागे राखून ठेवला जातो, कुणी चुकून उडवला तर परत मिळावा म्हणून. ती मुदत संपली की रात्री एक ते पाचच्या देखभालीत त्याची पानं मोकळी होतात. एक्सचेंज २००३ चा डेटाबेस ४ किलोबाइटच्या पानांचा असतो. मेल गेला की पान कोरं होतं आणि पुढच्या मेलसाठी वापरलं जातं. फाइलची जाडी तेवढीच राहते. दिवाणजींनी एका वाक्यात हेच सांगितलं होतं आणि मी हसलो होतो.

याहून बोचलं ते पुढचं. दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर सर्व्हर फाइलचा आकार मोजतच नव्हता. फाइलमधून कोरी पानं वजा करून जे उरेल ते तो मर्यादेशी ताडून बघायचा. आणि त्या दिवशी पहाटे, त्याच्या आदल्या पहाटेही, डेटाबेस बंद पडलेला नव्हता. सकाळी मेल चालू होता. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, माझ्या नाही. माझं लक्ष फाइलवर होतं. मला ती पातळ झालेली बघायची होती. ज्या आकड्याचा कामाशी काडीचा संबंध उरलेला नव्हता, त्या आकड्याच्या भरवशावर मी एका म्हाताऱ्या माणसाला चार लोकांत खोटं ठरवलं.

रजिस्ट्रीत मर्यादा वाढवायला पाच मिनिटं लागली.

मग एक-एक करून माझी बाकीची ठाम मतंही ढासळली. मी दिवाणजींवर सारखा चिडायचो, कारण ते एकच मेल दहा जणांना लावायचे. माझा हिशेब, दहा पट जागा. प्रत्यक्षात एक्सचेंज २००३ एकाच डेटाबेसमधल्या दहा जणांना गेलेल्या मेलची एकच प्रत ठेवायचा आणि दहा जणांना तिचा फक्त पत्ता द्यायचा. म्हणजे दिवाणजींच्या त्या सवयीने जागा वाढत नव्हती. उलट मी नऊ जणांना तो मेल खोडायला लावला तरी दहाव्याकडे असेपर्यंत एकही पान मोकळं होत नव्हतं. (पुढे डिस्क स्वस्त झाल्या आणि २०१० च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ही एका प्रतीची तऱ्हाच सोडून दिली. पण आमच्या मशीनवर ती होती, आणि मला माहीत नव्हती.)

आणि दिवाणजींचा मेलबॉक्स एवढा मोठा का होता? तेव्हा आमच्या ऑफिसात देवनागरीत टाइप करणं जवळपास कुणालाच जमत नव्हतं, म्हणून काटापावत्या, शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या, मापाड्यांचे कागद, सगळं हाताने लिहून स्कॅन व्हायचं आणि दिवाणजींच्या मेलला जोडलं जायचं. स्कॅनर ३०० डीपीआय, पूर्ण रंगीत. एक पावती दीड-दोन एमबीची. काळ्या-पांढऱ्यात तीच पावती शंभर केबीच्या आत बसली असती आणि वाचायला काही अडलं नसतं. स्कॅनरची सेटिंग कुणी केली होती ते सांगायची गरज नाही.

एवढं सगळं कळूनही ती फाइल पातळ करायची हौस माझ्या डोक्यातून गेली नाही. खोड म्हणा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची वाट बघत बसलो. आमच्याकडे त्या दिवशी कुणी मेल पाठवत नाही. नागपुरात मारबत निघते, सौंसरला तान्हा पोळा, आणि आमच्या पांढुर्ण्यात गोटमार. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्यावर सावरगाव, दिवसभर दगड. जिन त्या मोसमात बंदच असतो. घरच्यांना सांगितलं, ऑफिसात काम आहे. गोटमारीला न जायला मला तसंही निमित्त हवंच असायचं.

ऑफलाइन डिफ्रॅग म्हणजे डेटाबेस बंद करून ईएसईयूटिल नावाचं साधन चालवायचं. ते फक्त भरलेली पानं उचलून नवी फाइल लिहितं. त्यासाठी डेटाबेसच्या ११० टक्के मोकळी जागा हाताशी लागते. आमच्या डिस्कवर ती नव्हती, म्हणून बाहेरची यूएसबी डिस्क जोडली, आणि काम तासन्‌तास चाललं. तिकडे नदीवर काय चाललं असेल याची कल्पना येत होती, इकडे मी टक्क्यांची रेघ पुढे सरकताना बघत होतो. वीज गेली तर काय, या धास्तीने यूपीएसच्या दिव्यावर एक डोळा. झाल्यावर लगेच पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो, कारण जुने बॅकअप आणि लॉग या नव्या फाइलला चालत नाहीत. तोही घेतला. रात्री फाइलचा आकार बघितला. पातळ! इतका आनंद झाला की शेठजींच्या मुलाला फोन केला.

दसऱ्यानंतर कापूस आला, पावत्या आल्या, मेल आले. संक्रांतीपर्यंत फाइल पुन्हा पहिल्याएवढी. कोरी पानं मी फेकून दिली होती आणि सर्व्हरने तेवढीच नवी जोडली. त्या दिवसाच्या मेहनतीतून फर्मला दमडीचाही फायदा झाला नाही. सर्व्हिस पॅकच्या आधी, जेव्हा १६ जीबीची मर्यादा फाइलच्याच आकाराला लागायची, तेव्हा या उद्योगाला अर्थ होता. माझ्या वेळी तो अर्थ संपलेला होता, हौस मात्र शिल्लक होती.

मग मात्र दिवाणजींपाशी बसलो. माफी मागितली का? नाही. तेवढं धाडस नव्हतं. मी विचारलं, तुमच्या यादीसारखे रकाने सगळ्यांसाठी केले तर चालेल का. ते म्हणाले, "चालंल नं जी. पण रुईवाल्याचं येगळं, सरकीवाल्याचं येगळं. सरकीचा हिशेब आठ दिवसांत मिटते, रुईचा कधी कधी सालभर." त्यावरून मेलबॉक्सच्या मर्यादा ठरवल्या. आधी मी सगळ्यांना सारखीच मर्यादा दिली होती आणि त्याला न्याय म्हणत होतो. आता रुईवाल्यांना जास्त, डिस्पॅचवाल्यांना कमी, आणि मिटलेले व न मिटलेले मेल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. शिपायाकडे मेलबॉक्सच नव्हता, त्याला पहिल्यांदा एक दिला, कारण त्याच्या पावत्या दिवाणजींच्या नावावर जात होत्या आणि माझ्या यादीत दिवाणजी वर चढत होते.

त्याच काळात जगभर वारा उलटा वाहत होता. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा एक जीबी फुकट म्हणजे एप्रिल फूल असेल असं लोकांना वाटलं. पुढे डिलीट करण्याची गरजच नाही, हाच धंद्याचा मंत्र झाला. जुलै २०१५ मध्ये विंडोज सर्व्हर २००३ चा आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला. आमचं मशीन त्याच्या आगेमागे निघालं. आता मेल भाड्याच्या क्लाउडवर आहेत, एकेका मेलबॉक्सला ५० जीबी. जागेवरून आता कुणी कुणावर ओरडत नाही. मीही नाही.

पण मधल्या काळात मेलमध्ये वेगळंच काही साठलं. शेतकऱ्यांना चुकारा बँकेतून द्यायचा म्हणून त्यांच्या पासबुकाचे फोटो, आधारकार्डाच्या प्रती, मोबाइल नंबर. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, कुणी ते पुढे मेलला जोडलं. वर्षानुवर्षं पडून आहे. जागा अमाप म्हणून कुणी खोडलं नाही, आणि खोडायला सांगणारा मी आता शहाणा झालो होतो ना, म्हणून मीही गप्प बसलो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो, ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसा. आणि जीएसटीचा कायदा म्हणतो, हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवा. एकाच मेलमध्ये दोन्ही गोष्टी असतात: वर काटापावती, खाली आधारकार्ड. तारखेवरून छाटणी करणारा कुठलाही नियम इथं चालत नाही, आणि क्लाउडवाला मला तेवढाच एक नियम बटणावर देतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसरही त्यात आलं, आणि पार्ट्यांचे पत्ते बदलायचं काम निघालं. त्या निमित्ताने मी जुने मेल एक-एक उघडायला लागलो आहे. शेजारी आखीव फुलस्केप कागद ठेवतो. तारीख, शेतकऱ्याचं गाव, काय जोडलेलं होतं, चुकारा झाला की नाही. झाला असेल तर पावती हिशेबाच्या फोल्डरमध्ये, आणि आधारकार्डावर लाल रेघ. रुईचे अजून बरेच बाकी आहेत. सरकीचे उन्हाळ्यापर्यंत होतील.